उसाच्या वेढ्यातली बेटं: मॉरिशस आणि आपलं नान्नज

सोलापुरात विहीर खणायला घेतली की थोड्याच फुटांवर काळा कातळ लागतो. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलेला लाव्हा. पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून तेव्हा भारताचा भूखंड सरकत होता. भूखंड उत्तरेला निघून आला, ती जागा मात्र तिथंच राहिली. पुढच्या काळात तिनं लक्षद्वीप आणि मालदीवच्या पायाशी असलेली डोंगररांग वर काढली आणि अगदी अलीकडे, म्हणजे 80 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस. सध्या ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली धुमसते आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ हे असंच मांडतात. तेव्हा मॉरिशस म्हणजे दख्खनच्या पठाराचं बरंच धाकटं भावंड म्हणायला हरकत नाही.

दुसरं नातं उसाचं. 1834 पासून तिथल्या मळ्यांवर भारतातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत मराठी माणसंही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथं गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. देश मात्र एवढासा, सुमारे 2,040 चौरस किलोमीटरचा. आपल्या एका सोलापूर जिल्ह्यात सात मॉरिशस मावतील. 12 मार्च 1968 ला तो स्वतंत्र झाला तेव्हा हाताशी जवळपास एकच पीक होतं, जंगल जवळजवळ संपलं होतं आणि पोटं भरायची होती. अशा देशानं पाणी, रान आणि जनावरं कशी सांभाळायची? हा प्रश्न नीट समजून घेतला तर बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या माळाचं, म्हणजे तिथल्या माळढोक अभयारण्याचं, दुखणंही कळायला लागतं.

बेटावर दुसरीकडून कोणी येत नाही

समजा, मोहोळ तालुक्यातले लांडगे एका वाईट वर्षात संपले. धाराशिवकडून, कर्नाटकातून एखादी जोडी चालत येईल आणि पाच-सात वर्षांत कळप पुन्हा दिसेल. जमिनीवरचा निसर्ग असा शेजाऱ्यांच्या जिवावर सावरतो. बेटाला शेजारी नसतो. तिथं गेलं ते गेलं. उलट बाहेरून जे आलं, ते सहसा परत जात नाही, कारण त्याला आवर घालणारा शत्रू तो मागं सोडून आलेला असतो.

मॉरिशस समुद्रातून वर आलं तेव्हा तिथं पोहोचणार कोण? पक्षी, वटवाघळं, ओंडक्यांवरून वाहत आलेले सरडे-पाली, समुद्रात तरंगत आलेली कासवं. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तिथला मूळचा नाही. उंदीर नाही, मांजर नाही, कोल्हा नाही. शिकारीच नाही म्हटल्यावर एका कबुतराच्या वंशानं उडणं सोडून दिलं, अंगानं वाढत गेला आणि जमिनीवर अंडी घालू लागला. तो डोडो. 1598 मध्ये डच उतरले आणि डोडो पाहिल्याची शेवटची विश्वासार्ह नोंद आहे 1662 ची. साठ-पासष्ट वर्षांत खेळ आटोपला. खलाशांनी तो मारून खाल्ला ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण माणसं तेव्हा तिथं मूठभर होती. खरी वाट लावली ती जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. जमिनीवरचं अंडं त्यांना आयतंच मिळालं.

इथं नान्नजचा माळढोक, माळरानावरचा तो मोठा पक्षी, आठवल्याशिवाय राहत नाही. तोही जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा वर्षाला एकच. अशा पक्ष्याला पिढी भरून काढायला फार काळ लागतो. सशासारखं झटपट सावरणं त्याच्या नशिबात नाही.

आणखी एक हिशेब आहे, 1967 मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धांताशी जोडलेला. बेट जितकं लहान आणि जितकं एकाकी, तितक्या कमी जाती त्यावर टिकतात. ढोबळमानानं, राहायची जागा दहाव्या हिश्श्यावर आली तर जाती निम्म्या होतात. पण त्या लगेच जात नाहीत, दशकानुदशकं हळूहळू गळत राहतात. म्हणून जंगल तोडणाऱ्याला वाटतं, काही बिघडलं नाही. बिघडलेलं नातवाला दिसतं. आणि या हिशेबाला चारी बाजूंनी खारं पाणीच लागतं असंही नाही. मधे ऊस असला तरी तो लागू पडतो.

आधी पाणी, मग बाकीचं

मॉरिशसवर वर्षाला सरासरी 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडच्या साडेपाचशे-सहाशेच्या मानानं लयलूटच. तरीही तिथं पाणीटंचाई होते, नळाला पाळ्या लागतात. उतार तीव्र आणि नद्या आखूड, त्यामुळे पडलेलं पाणी काही तासांत समुद्रात. आपल्याकडे निदान 117 टीएमसीचं उजनी आहे, भीमेचं पाणी अडवायला मैलोन्‌मैल सपाटी आहे. बेटावर तेवढी जागाच नाही. तिथं पाणी धरून ठेवायचं काम डोंगरावरच्या रानानं करायचं असतं.

ही गोष्ट तिथल्या राज्यकर्त्यांना फार लवकर कळली होती. फ्रेंचांच्या काळात पिएर प्वाव्र नावाचा प्रशासक होता. त्याच्या कारकिर्दीत, 1769 मध्ये, नियम निघाला: प्रत्येक जमीनदारानं आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा रान म्हणून राखायचा, विशेषतः डोंगरउतारावर, आणि पाण्याच्या काठची झाडं तोडायची नाहीत. जंगल गेलं की पाऊसपाणी जातं, या विचारावर आधारलेला हा जगातल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक. पुढे इंग्रज आले, साखरेला भाव आला आणि कायदा कागदावर राहिला. आज तिथं मूळचं चांगल्या स्थितीतलं रान दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. कायदा लवकर करणं आणि तो पाळणं यांत केवढं अंतर असतं, हे उसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

राखणं म्हणजे हात न लावणं नव्हे

आपल्याकडे अभयारण्य म्हटलं की डोळ्यांसमोर कुंपण, पाटी आणि 'आत जाऊ नये' एवढंच येतं. माणूस बाजूला झाला की निसर्ग आपोआप सावरेल, असा एक भाबडा समज त्यामागे असतो. बेटावर हा समज टिकत नाही. 1994 मध्ये मॉरिशसनं ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे पहिलं राष्ट्रीय उद्यान केलं, पण पाटी लावून उंदीर बाहेर जात नाहीत.

बाहेरून आलेल्यांची यादी पाहिली तर त्यात आपलीच मंडळी बरीच दिसतात. साळुंकी गेली भारतातून. लालबुड्या बुलबुलाचा तो शेंडीवाला भाऊ आशियातूनच गेला. उंदीर आवरायला म्हणून 1900 साली मुंगूस नेलं. मुंगसानं उंदरांपेक्षा पक्ष्यांची पिल्लं जास्त खाल्ली. एक उपद्रव संपवायला दुसरा आणायचा हा मोह जगभर झालाय आणि बहुतेक ठिकाणी अंगाशी आलाय. आपल्याकडच्या पोपटानं तर तिथल्या मूळच्या पोपटाच्या ढोल्या बळकावल्या.

हरणांची गोष्ट आणखी अवघड. डचांनी 1639 मध्ये जावाहून सांबराच्या कुळातलं हरीण आणलं. ते कोवळी रोपं खाऊन टाकतं, त्यामुळे रानात नवं झाड उभंच राहत नाही. पण त्या हरणाच्या मांसाला मागणी आहे, शिकारीसाठी राखलेल्या मोठ्या खाजगी जमिनी आहेत, त्यावर घरं चालतात. मग ते उपद्रवी जनावर म्हणायचं की पशुधन? चिनी पेरूचंही तेच. आपल्या पेरूचा हा चुलत भाऊ दक्षिण अमेरिकेतून आला आणि रानात असा माजला की खाली दुसरं काही उगवेना. लोकांना मात्र तो आवडतो. हंगामात कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन पेरू तोडायला डोंगरावर जातात. तो उपटायला निघालेल्या वनरक्षकाकडे ती कोणत्या नजरेनं बघत असतील, कल्पना करा.

म्हणून तिथं एक मधला मार्ग काढला. सगळं रान साफ करणं अशक्य, तेव्हा चांगले राहिलेले छोटे तुकडे निवडायचे, हरणं-डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपण घालायचं आणि आतलं परकं झाड हातानं उपटायचं. पुढच्या वर्षी पुन्हा खुरपायचं. त्याच्या पुढच्या वर्षीही. हे काम संपत नाही, आणि निधी देणाऱ्यांना न संपणारं काम आवडत नाही. त्यांना उद्घाटन करता येईल असं काहीतरी हवं असतं.

लहान बेटांवर मात्र काम संपवता येतं. मॉरिशसच्या उत्तरेला राउंड आयलंड म्हणून 219 हेक्टरचा एक तुकडा आहे. तिथं उंदीर कधी पोहोचलेच नाहीत, पण कोणीतरी शेळ्या आणि ससे सोडले होते. त्यांनी गवत-झुडपं खाल्ली, माती उघडी पडली, पावसानं वाहून गेली. त्या मातीत राहणारा एक अजगरवर्गी साप होता, तो 1975 नंतर दिसलेला नाही. शेळ्या 1970 च्या दशकाच्या शेवटी संपवल्या, ससे 1986 मध्ये. त्यानंतर तिथली झाडं, सरडे आणि दुसरा एक साप सावरले. आपल्याकडे बंगल्यांच्या दारात जो फुगीर बुंध्याचा बॉटल पाम लावतात, तो मूळचा याच बेटाचा. जगभरच्या रोपवाटिकांत त्याची हजारो रोपं विकली जात होती आणि त्याच्या घरी रानातली झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

सापासाठी शेळ्या आणि ससे मारायचे, हे आपल्या मनाला सहज पटत नाही. मलाही वाचताना खटकलं होतं. पण तो साप जगात दुसरीकडे कुठंच नाही आणि ससे सगळीकडे आहेत, हा साधा हिशेब टाळता येत नाही.

चार पक्ष्यांचा संसार

1974 मध्ये मॉरिशसच्या छोट्या ससाण्याचे, म्हणजे केस्ट्रेलचे, माहितीतले फक्त चार पक्षी उरले होते. रान तुटलं होतं, मलेरियाच्या डासांसाठी फवारलेलं डीडीटी अन्नसाखळीतून त्यांच्या पोटात गेलं होतं आणि झाडावरच्या घरट्यांतली अंडी माकडं पळवत होती. त्या वर्षी एका जोडीनं झाडाऐवजी कड्याच्या कपारीत घरटं केलं. माकडाला तिथं जाता आलं नाही आणि पिल्लं वाचली.

1979 मध्ये कार्ल जोन्स हा तरुण जीवशास्त्रज्ञ तिथं आला. त्याची मुख्य युक्ती सांगायला सोपी आहे. पक्ष्याची पहिली अंडी गेली तर तो बहुधा दुसऱ्यांदा घालतो. म्हणून पहिली अंडी काढून उबवणी यंत्रात ठेवायची आणि मादीला पुन्हा घालू द्यायची. वर तिला पांढरे उंदीर खायला द्यायचे म्हणजे ताकद टिकते. माकडांना शिरता येणार नाही अशा लाकडी पेट्या घरट्यांसाठी टांगायच्या, आणि वाढवलेली पिल्लं रानात सोडायची. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत 333 पक्षी सोडले गेले. गुलाबी कबूतर 1990 च्या सुमारास दहाच्या आसपास उरलं होतं, ते आता काही शेकड्यांत आहे. ज्याच्या ढोल्या आपल्या पोपटानं बळकावल्या होत्या, तो पोपटही असाच वाचला.

सहसा ही गोष्ट इथं टाळ्या घेऊन संपवतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो: ससाण्याची संख्या वाढली, पक्षी सोडणं थांबलं आणि काही वर्षांत संख्या पुन्हा उतरली. 2014 मध्ये त्याला परत 'संकटग्रस्त' यादीत टाकावं लागलं. गुलाबी कबुतराला अजूनही रानात जाऊन दाणे द्यावे लागतात. ज्याचं रान दोन टक्के उरलंय, त्याला माणसाचा हात सोडता येत नाही. राजस्थानात 2019 पासून माळढोकाची रानातली अंडी उचलून कृत्रिम उबवण सुरू झाली, त्यामागेही हीच जातकुळी आहे. अंड्यातून पिल्लू निघेल. त्याला सोडायचं कुठं, हा त्यापुढचा प्रश्न.

जी जात पुरती गेली, तिचं काय? डोडो परत आणता येत नाही, पण त्याच्या जोडीनं फळं खाऊन बिया पसरवणारी महाकाय कासवंही मॉरिशसवर होती आणि तीही संपली. आग्नेय किनाऱ्याजवळच्या इल ओ एग्रेत या 26 हेक्टरच्या बेटावर 2000 मध्ये दूरच्या अल्दाब्रा बेटावरची कासवं आणून सोडली. ती तिथल्या दुर्मीळ आबनूसाची फळं खातात, बिया त्यांच्या पोटातून बाहेर पडून आईझाडापासून दूर रुजतात. परकं जनावर मुद्दाम आणायचं हे मुंगसासारखंच झालं, असं कोणी म्हणेल. फरक एवढाच की कासव संथ आहे, मोठं आहे, आणि नको झालं तर उचलून परत नेता येतं.

लिची आणि वटवाघूळ

आता भांडणाकडे. मॉरिशसचं मोठं फळखाऊ वटवाघूळ रानातल्या कितीतरी झाडांच्या बिया पसरवतं. रान उरलं नाही म्हणून ते लिची आणि आंब्याच्या बागांत उतरतं. बागायतदार चिडले, निवडणुकीत हा मुद्दा चालतो हे पुढाऱ्यांना कळलं, आणि 2015 मध्ये कायदा बदलून सरकारनं वटवाघळं मारायला सुरुवात केली. त्या एका मोहिमेत 30 हजारांहून अधिक मारली. पुढच्या काही वर्षांत पुन्हा मोहिमा झाल्या. वटवाघळाला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे 2018 मध्ये ते 'संकटग्रस्त' ठरलं.

बागायतदारांना काय मिळालं? नंतरच्या अभ्यासात त्यांचा नफा वाढलेला दिसला नाही. फळं वटवाघळांबरोबर पक्षीही खातात, काही झाडावरच जास्त पिकून गळतात. झाडावर जाळी टाकली तर नुकसान बरंच कमी होतं आणि जाळीसाठी सरकारी अनुदानही होतं. पण अंगणातल्या उंच जुन्या लिचीवर जाळी चढवणं कष्टाचं, आणि बंदूक लगेच काहीतरी केल्यासारखी वाटते.

मी शेतकऱ्याला नावं ठेवणार नाही. नान्नज, मार्डी, वडाळ्याच्या शिवारात रात्रीतून काळविटांचा कळप ज्वारीत उतरतो तेव्हा हातातोंडाशी आलेलं जातं. भरपाईची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा, फेऱ्या, आणि रक्कम हातात येईपर्यंत पुढचा हंगाम उभा. वन्यजीव राखण्याचा खर्च ज्याच्या शेतातून वसूल होतो त्यालाच तो वेळेवर परत मिळाला नाही, तर तिथं वटवाघूळ आणि इथं काळवीट, दोघांचेही दिवस भरतात.

वाळू, तेल आणि पाचट

समुद्राचं थोडक्यात. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आणि तिच्या आत उथळ, शांत पाणी. त्या पाण्यातून घरांसाठी वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली. किनारे झिजायला लागले तेव्हा 2001 मध्ये उपसा बंद केला आणि काळा दगड भरडून वाळू करायला सुरुवात झाली. भीमा-सीनेच्या काठावर राहणाऱ्यांनी यावर वेगळं भाष्य ऐकायची गरज नाही.

25 जुलै 2020 ला 'वाकाशिओ' हे जहाज त्याच प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल पाण्यात आलं, तेही इल ओ एग्रेतच्या शेजारी. सरकारी यंत्रणा हलेपर्यंत लोक थांबले नाहीत. त्यांनी कापडी पिशव्यांत उसाचं पाचट भरलं, लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. इकडे बेटावरची दुर्मीळ रोपं आणि सरडे उचलून सुरक्षित जागी हलवावे लागले.

पैसा कुठून येतो

युरोपनं मॉरिशसच्या साखरेला दिलेला हमीभाव 2009 पर्यंत 36 टक्क्यांनी खाली आला. ऊस कमी झाला. पडीक उसाच्या रानात मूळचं जंगल परत येत नाही, तिथं आधी तण येतं आणि मग बंगल्यांचे प्रकल्प येतात. आता देश पर्यटनावर बराच जगतो. इल ओ एग्रेत पाहायला पैसे मोजून येणाऱ्या पर्यटकांमुळे संवर्धनाला हातभार लागतो. तोच पर्यटक हॉटेलात उतरतो आणि टंचाईच्या दिवसांत पाणी वापरतो. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्यावर सोपा तोडगा कोणाकडे नाही.

भारतात हाच पेच ग्रेट निकोबारवर आहे. सुमारे 910 चौरस किलोमीटरचं बेट, त्यात बंदर, विमानतळ आणि वसाहतीसाठी जवळपास 130 चौरस किलोमीटर जंगल वळवायचं ठरलं आणि 2022 मध्ये मंजुरी मिळाली. बंदराची जागा गलाथिया खाडी, जिथं महाकाय लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायची ठरली हरियाणात! निकोबारचा मेगापोड पक्षी हरियाणात जाऊन घरटं करणार नाही, एवढं तरी मान्य व्हायला हवं होतं.

नान्नजचं बेट

1979 मध्ये माळढोक अभयारण्य झालं तेव्हा त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं, म्हणजे चार मॉरिशस. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि ज्या पक्ष्यावर लोकांनी प्रेम करावं त्याच्यावर ते चिडले. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. दरम्यान कालव्यांचं आणि बोअरचं पाणी पोहोचलं, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आला. माळढोक उघड्या माळावर आणि कोरडवाहू पिकांत वावरतो, उसात तो शिरत नाही. माळाचे तुकडे उरले, चहूबाजूंनी ऊस. अधूनमधून 'उजाड' माळ हिरवा करायच्या उत्साहात गवतावर गिरिपुष्पाची झाडं लावली गेली, जी नंतर काढावी लागली. मॉरिशसच्या चिनी पेरूचं काम इथं आपणच हौसेनं केलं.

माळढोक आता इथं दिसलाच तर बातमी होते. पण लांडगा, काळवीट, खोकड, धाविक अजून आहेत, आणि त्यांना मॉरिशसच्या ससाण्याला नसलेली एक सोय आहे: मधल्या पट्ट्यात पडीक रान, गायरानं आणि ओढ्यांचे काठ शिल्लक असतील तर ते एका तुकड्यातून दुसऱ्यात चालत जाऊ शकतात. या जागा अभयारण्याच्या नकाशात नाहीत. त्या ग्रामपंचायतीच्या, महसूल खात्याच्या आणि खाजगी मालकांच्या आहेत. त्यांच्यावर सौर पॅनेल, वृक्षलागवड किंवा अतिक्रमण यांपैकी काय येणार, हे वनखात्याच्या आधी ग्रामसभेत ठरतं. गावच्या भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्तही तिथंच ठरू शकतो, कारण जमिनीवरची अंडी आणि पाडसं त्यांच्याही तावडीत सापडतात. पुणे वनविभागानं बारामती-इंदापूरच्या माळांवर गवताळ सफारी सुरू केली आहे. तसं काही नान्नज परिसरात करायचं असेल, तर तिकिटाच्या पैशातून काळविटानं खाल्लेल्या ज्वारीची भरपाई त्याच महिन्यात देता येईल का, हे आधी ठरवून मग फलक रंगवावा.